सहा पायऱ्यांची राणी

मित्रांनो, मी एक जुनी वंशावळ आहे. मला चटईसारखी गुंडाळून ठेवतात, पण म्हणून कोणी मला चटई समजू नये, एवढी माझी पहिली विनंती. उलगडली तर मी अठरा हात भरते. माझ्या अंगावर एक राजा, त्याच्या राण्या आणि त्या सगळ्यांचे पूर्वज दाटीवाटीने बसले आहेत. राजाचे नाव मी सांगणार नाही. त्याचे नाव घेणारे आयुष्यभर त्याच्याभोवती पुष्कळ होते. मला आज दुसऱ्याच माणसांचे उपकार आठवायचे आहेत.

माझा जन्म लंडन शहरात, मोठ्या चर्चच्या मागच्या एका अरुंद बोळात झाला. सात वासरांची कातडी चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, वाकड्या पात्याच्या सुरीने खरवडून गुळगुळीत केली आणि एकाखाली एक चिकटवली. अशी मी तयार झाले. खरवडताना दुखले का, असे मुले मला विचारतात. आठवत नाही. जन्माच्या वेळचे कोणालाच आठवत नाही.

ज्या दुकानात मी वाढले ते विमंड कॅरो नावाच्या म्हाताऱ्या चिताऱ्याचे होते. राजदरबाराच्या वंशावळी रंगवण्याचा मान त्याच्या दुकानाला होता. त्याचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. त्या शहरात विधवेला नवऱ्याचा धंदा चालवता येत असे, म्हणून त्याची सून पर्नेल हाती कुंचला घेऊन बसली. विमंडची नजर अधू होत चालली होती आणि पर्नेलचा हात सुधारत चालला होता. दोघे मिळून एक चांगला चितारी होत असे.

आमच्या धंद्याची रीत सोपी होती. प्रत्येक माणसाला एक गोल. रक्ताच्या नात्याला हिरवी रेघ, लग्नाच्या नात्याला तांबडी. राजघराण्यातल्यांच्या गोलाला सोन्याचा वर्ख. वर्ख लावण्याआधी पर्नेल माझ्यावर झुकायची आणि तोंडाने हळूच ऊब सोडायची. त्या वाफेने खालचा लेप ओलसर होतो आणि सोने धरून बसते. मित्रांनो, माझ्या अंगावरचे सगळे सोने एका बाईच्या श्वासाने चिकटलेले आहे. तो श्वास मी विसरलेले नाही.

माझ्या सर्वांत वरच्या गोलात थोरले राजे बसले होते. त्यांना सोळा मुले झाली आणि त्यांच्या रेघा पावसाच्या ओहोळांसारख्या खाली पसरत गेल्या. आमचे राजेसाहेब हे थोरल्या राजांचे खापरपणतू. मुलगा, नातू, पणतू, खापरपणतू, अशा चार पायऱ्या. राजेसाहेबांची पहिली राणी समुद्रापलीकडची राजकन्या होती. ती तीन वर्षांतच वारली. खरी गोष्ट सुरू झाली ती दुसऱ्या राणीपासून.

लेडी सिबिल ही एका ड्यूकची मुलगी. तीसुद्धा थोरल्या राजांची खापरपणती निघाली. विमंडने स्वतःच्या हाताने तिची चार गोलांची रेघ रंगवली आणि डब्यातला सर्वांत चांगला वर्ख तिला वाहिला. लग्नाच्या जेवणात मला भिंतीवर टांगले तेव्हा लोक हरखून गेले. राणीचे रक्त राजाइतकेच उंच, असे ज्याच्या त्याच्या तोंडी झाले. मीही फुगले. मी तरुण होते, कौतुक पचत नव्हते.

पण त्या काळी धर्माचा एक नियम होता. नवराबायकोचा पूर्वज दोघांपासूनही चार पायऱ्यांपर्यंत एकच निघाला, तर ते लग्न धर्माला मान्य नसे. तसे लग्न करायचेच असेल तर रोमहून धर्मगुरूंची परवानगी आणावी लागे. राजेसाहेबांना घाई होती. वंशावळींचे जे अधिकारी तेव्हा होते ते म्हणाले, "पत्र काय, मागाहून येईल." पत्र आलेच नाही. चार वर्षांनी राजेसाहेबांचे मन उडाले. मग वकील आले, त्यांनी मला मेजावर पसरले आणि एकाने बोट ठेवून मोजले, एक, दोन, तीन, चार. हे लग्न कधी झालेच नव्हते, असे त्यांनी ठरवले. ज्या रेघेने सिबिलला राणी केले त्याच रेघेने तिला घराबाहेर काढले. तिला दलदलीकाठच्या एका ओल्या वाड्यात धाडून दिले. अधिकाऱ्यांना, पत्र आणले नाही म्हणून, तुरुंगात टाकले.

तिचे नाव खरवडून टाकण्याचा हुकूम विमंडला आला. त्याने सुरी घेतली. त्याला अक्षर नीट दिसेना, म्हणून पर्नेलने त्याचे मनगट धरले. शाई निघाली, पण शाईबरोबर माझे कातडेही गेले. ती जागा पातळ झाली. त्या दिवशी माझे अंग दुखले, हे मात्र मला पक्के आठवते.

वर्षभराने तिसऱ्या राणीची बातमी आली. उत्तरेकडच्या एका साध्या सरदाराची, सर राल्फची मुलगी क्लेमन्स. दरबारात कुजबुज सुरू झाली. ही कुठली कोण, बदके राखणाऱ्या घरातली. तेव्हा नवे अधिकारी, सर बार्डोल्फ, हातात कागद नाचवत दुकानात आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाऱ्याची दिशा फार लवकर कळायची.

"सापडलं! मुलीचे आजोबा सर ऑस्बर्ट," ते म्हणाले. "त्यांची बायको लेडी मार्जरी. आणि मार्जरी कोण? थोरल्या राजांची सख्खी नात! म्हणजे आपली नवी राणी थेट खापरपणती. चार पायऱ्या! आता बोला म्हणावं बदकं नि कोंबड्या!"

पर्नेलने कागद पाहिला. "साहेब, चार पायऱ्या म्हटलं की परवानगीचं पत्र लागतं."

"लग्न नऊ दिवसांवर आलंय, बाई. रोम काय इथे गल्लीच्या टोकाला आहे? रंगवा तुम्ही."

"मागच्या खेपेलाही असंच..."

"मागचं मागे. माझा हुकूम आहे," असे म्हणून ते गेले.

पर्नेलने शिशाच्या कांडीने गोल आखले, पण शाईला हात लावला नाही. विमंड कोपऱ्यात बसून होता. मला भीती वाटत होती. आणखी एका मुलीला मी राणी करणार आणि आणखी एका मुलीला मीच बुडवणार, असे मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक उंच म्हातारी उभी राहिली. बुटांना चिखल, काखेत चीजचा अख्खा गोळा. ती क्लेमन्सची आत्या होती, इडोनी. भाचीच्या लग्नासाठी ती उत्तरेहून अकरा दिवस घोड्यावर बसून आली होती.

"आमच्या पोरीचं चित्र इथंच काढताय ना?" ती म्हणाली. "हे घ्या, आमच्याकडचं चीज. तुमच्या लंडनचं खाऊन पाहिलं. खडू खाल्ल्यासारखं लागतं."

पर्नेल हसली. तिने मला उलगडून दाखवले. इडोनीने डोळे बारीक करून भावाचा गोल शोधला, मग त्याच्या वरचा, आणि एकदम तिचा आवाज चढला.

"ही कोण? मार्जरी? हिच्या पोटी राल्फ? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"साहेबांच्या कागदात तसं आहे, आत्याबाई," विमंड म्हणाला. "ऑस्बर्टसाहेबांची बायको एवढी एकच."

"एकच? मग मी काय आभाळातून पडले? मार्जरीबाई पहिली. बिचारीला मूलबाळ नाही, तशीच गेली. दुसरी एमलिन. ती माझी आई. राल्फची नि माझी. ज्या बाईनं आम्हाला वाढवलं, तिला तुम्ही लंडनात बसून पुसून टाकता?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती रागाने लाल झाली होती. आमच्या देशात तेव्हा सरदारांची नावे दहादा लिहीत आणि त्यांच्या बायकांची नावे जमले तर एकदा. सर बार्डोल्फना एका जुन्या दस्तात एक बायको सापडली आणि त्यांचा शोध तिथेच संपला. वर्षानुवर्षे तसेच चालत आले होते, त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

"पुरावा आहे काही?" पर्नेलने हळूच विचारले.

इडोनीने कमरेला लटकवलेली आईची प्रार्थनेची पोथी सोडली. आमच्याकडे घराण्यातल्या बायका त्या पोथीतल्या पंचांगात मेलेल्यांची नावे आणि मुलांचे जन्म लिहून ठेवत, म्हणजे दरसाल त्या दिवशी त्यांच्यासाठी प्रार्थना चुकू नये. फेब्रुवारीच्या पानावर एमलिनच्या अक्षरात लिहिले होते, "लेडी मार्जरी, माझ्या पतीची पहिली पत्नी. देव तिला शांती देवो," आणि साल. सप्टेंबरच्या पानावर राल्फचा जन्म, चार वर्षांनंतरचा. सवतीसाठी दरवर्षी प्रार्थना करणारी ती बाई मला तेव्हाच आवडली.

विमंडने कपाळाला हात लावला. "म्हणजे राजरक्त गेलंच म्हणायचं."

"जाईल कसं? माझ्या आईकडूनही आहे. थोरल्या राजाच्या थोरल्या लेकीचा वंश आमचा. सोळा पोरं त्या बाबाला! आमच्या गावच्या बाजारात दगड मारला तरी त्याच्याच कुणाला तरी लागतो." आणि आत्याबाईंनी एकेक नाव घेत बोटांवर मोजले. थोरली लेक, तिची लेक, तिचा लेक, त्याची लेक एमलिन, एमलिनचा राल्फ, राल्फची क्लेमन्स.

"सहा," पर्नेल म्हणाली. तिने पुन्हा मोजले. "मामंजी, सहा पायऱ्या. चाराच्या बाहेर. या लग्नाला पत्रच लागत नाही. पुढंमागं कुणाच्या मनात आलं तरी मोडता येणार नाही."

"मग सहा लिही, सूनबाई."

"साहेबांना चार हवेत. दुकानाचा मान काढून घेतील. दाराला कुलूप लागेल."

"लागू दे," विमंड म्हणाला. "एकीचं नाव मी या हातानं खरवडलंय. रात्री झोप येत नाही मला. दुसऱ्या पोरीच्या गळ्यात तीच दोरी बांधायला सांगू नकोस."

पर्नेलने शिशाच्या रेघा शिळ्या पावाच्या तुकड्याने पुसल्या. मग तिने शाईची दौत उघडली. चार दिवस ती उठली नाही. एमलिनच्या गोलावर तिने जितका वेळ श्वासाची ऊब सोडली तितका वेळ कोणत्याही राजाच्या गोलावर सोडली नव्हती.

सर बार्डोल्फ आले आणि पाहताच ओरडले. "सहा? मी चार सांगितले होते! आणि ही एमलिन कोण? खरवडा हे. आत्ताच्या आत्ता!"

पर्नेलने आत्याबाईंनी मागे ठेवलेली पोथी पुढे केली. त्यांनी वाचली. त्यांचा आवाज जरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. "खरं असेल. पण सहा पायऱ्यांची राणी म्हणजे लोक हसतील."

पर्नेलने सुरी उचलून त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच खरवडा, साहेब. फक्त एक विचारते. तुमच्या आधी या कामावर होते, ते साहेब आता कुठं आहेत?"

सर बार्डोल्फनी सुरीकडे पाहिले, मग स्वतःच्या मनगटांकडे. बेड्या कशा बसतील याचा त्यांनी अंदाज घेतला असावा.

"नातं लांबचं तर लांबचं," ते म्हणाले आणि सुरी मेजावर ठेवली. "अक्षर तेवढं मोठं काढा. लांबून वाचता आलं पाहिजे."

लग्नाच्या जेवणात लोक खरेच हसले. एक जहागीरदार मोठ्याने म्हणाला, "सहा पायऱ्या! एवढ्या खाली उतरलं की आमचा खाटीकही थोरल्या राजांचा नातेवाईक निघेल." क्लेमन्स राणीच्या कानावर ते गेले. ती म्हणाली, "मग पुढच्या खेपेला मांस जरा चांगलं पाठवायला सांगा त्याला." त्यानंतर हसणाऱ्यांची तोंडे तिच्याकडे वळली आणि तिच्याबरोबर हसली.

सहा वर्षे गेली. विमंड वारला, इडोनी आत्याही वारल्या. मरताना त्यांनी पोथी पर्नेलकडे पाठवली. क्लेमन्स राणीला दोन मुली झाल्या, मुलगा झाला नाही. राजेसाहेबांचे मन पुन्हा उडाले. आणि एका सकाळी मला पेटीतून काढून दरबाराच्या लांब मेजावर पसरले. तेच वकील, त्यांची तीच बोटे.

लग्न मोडले तर राणी दलदलीकडे जाणार होती आणि तिच्या दोन्ही मुली अनौरस ठरणार होत्या. राणी भिंतीजवळ उभी होती. धाकटीने तिचा झगा मुठीत धरला होता.

वकिलांनी सर बार्डोल्फचा जुना कागद शोधून आणला होता. "इथे स्पष्ट मार्जरी आहे," ते म्हणाले. "चार पायऱ्या. एमलिन हे नाव नंतर कोणीतरी घुसवलं. मूळ नाव खरवडून. ही चितारीण खोटं काम करते."

पर्नेल पुढे आली. तिचे केस पांढरे झाले होते. तिने पोथी न्यायासनावरच्या वृद्ध बिशपांपुढे ठेवली. वकील म्हणाला, "पोथीत काय, कुणीही काहीही लिहील."

"पोथीत लिहील," पर्नेल म्हणाली. "कातड्याला खोटं बोलता येत नाही, महाराज. याला खिडकीशी धरा."

चार माणसांनी मला उचलून उन्हात धरले. मित्रांनो, आयुष्यात एवढी उघडी मी कधी पडले नव्हते. सिबिल राणीच्या जागेवरून उजेड आरपार आला, पिवळा, नाण्याएवढा. सगळ्यांना दिसला. "इथं सुरी लागलीय," पर्नेल म्हणाली. "माझ्या सासऱ्यांची. हुकमानं. तशी दुसरी जागा दाखवा मला कुणीही."

बिशपांनी एमलिनच्या गोलावर अंगठा फिरवला. वरून, मग मागून. उजेडाचा ठिपकाही आला नाही. कातडे तिथे जन्मले तेवढेच जाड होते. त्यांनी सर बार्डोल्फना विचारले, "हे तुम्ही पाहिलं तेव्हाही असंच होतं?" सर बार्डोल्फनी वाऱ्याची दिशा पाहिली, मग राणीच्या मुलीकडे पाहिले. "असंच होतं, महाराज," ते म्हणाले. "चूक माझ्या कागदाची. मी एकाच बायकोवर थांबलो." एवढे एकदाच ते वाऱ्याविरुद्ध बोलले आणि मी त्यांना सगळे माफ केले.

मग बिशपांनी स्वतः मोजले. चौथ्या गोलावर वकिलाने तोंड उघडले, पण त्यांचे बोट पुढे सरकले. पाच. सहा. "लग्न धर्माला मान्य आहे," ते म्हणाले. राजेसाहेबांना निरोप गेला. पुढे नऊ वर्षे, राजेसाहेब वारले तोवर, क्लेमन्सच राणी होती. तिच्या मुली मानाने वाढल्या, मानाने नांदल्या.

माझे मात्र पुढे फारसे मानाने झाले नाही. नव्या राजाला जुन्या राण्यांचे काय कौतुक? कोणी मला खिडकीच्या फटीत वारा अडवायला कोंबले. उंदरांनी थोरल्या राजांचे डोके खाल्ले. इतक्या माणसांमधून नेमके तेच का, ते उंदरांना ठाऊक. शेवटी एका दफ्तरखान्यातल्या बाईंनी मला ओळखले, ओल्या टिपकागदांत ठेवून माझ्या सुरकुत्या काढल्या आणि आता मी गुंडाळून एका खणात निजते. त्यांच्या हातांचे मी उपकार मानते. आता मला ऊन लावत नाहीत, ओल लागू देत नाहीत. जुन्या वस्तूला एवढे पुरते.

पण मित्रांनो, त्या निकालाच्या दिवसाचे एक सांगायचे राहिले. सगळे गेल्यावर राणी मुलींना घेऊन मेजाशी आली. तिने पर्नेलला राजांचे गोल दाखव असे म्हटले नाही. तिने एमलिनवर बोट ठेवले.

"माझी आजी," ती मुलींना म्हणाली. "मी हिला पाहिलं नाही. लग्नापर्यंत हिचं नाव मला माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही."

"ती राजाच्या घरची होती?" धाकटीने विचारले.

"तिच्यामुळे आपण आज घरी आहोत," राणी म्हणाली, आणि सकाळपासून थोपवलेले रडणे तिला आवरेना.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. कातड्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, मला जपतील. तुम्ही आज घरी गेलात की आजीला तिच्या आईचे नाव विचारा, आणि मग तिच्या आईचे. ती सांगेल ते लिहून ठेवा. आणि आजी नसेल, तर घरात जी सर्वांत म्हातारी बाई असेल तिच्याजवळ बसा. उद्या नको, आजच.